टाचेचे रक्त आणि माहेरचा पत्ता

इंग्लंडमध्ये बाळाचा जन्मदिवस शून्य धरून पाचव्या दिवशी मिडवाइफ, म्हणजे बाळ-बाळंतिणीची काळजी घेणारी प्रशिक्षित सुईण, त्याच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेते. आमच्या मुलीच्या वेळी डिचोलीहून सासूबाईंनी फोनवर विचारले, की अजून सटीची पूजासुद्धा झालेली नाही, एवढ्याशा जिवाला आत्ताच टोचायचे कशाला? प्रश्न रास्त होता, आणि गोव्यात ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांनी त्याचे उत्तर समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

काही आजार जन्मत: असतात, पण बाळाकडे पाहून ते कळत नाहीत. थायरॉइडच्या जन्मजात कमतरतेत बाळ दूध पिते, झोपते, सारे सुरळीत वाटते. मात्र मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक अपुरे पडत असते, आणि लक्षणे उघड दिसू लागेपर्यंत जे नुकसान होते ते पुढे भरून निघत नाही. तेच निदान वेळेत होऊन पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनचे औषध सुरू झाले, तर ते मूल सहसा इतर मुलांसारखेच वाढते. फिनाइलकीटोन्युरिया या आजारात प्रथिनांतला एक घटक शरीराला नीट पचवता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो. त्यात औषधाऐवजी आहार सांभाळावा लागतो, आणि त्याच आजारासाठी अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी कागदावर सुकवलेल्या रक्ताची तपासणी १९६०च्या दशकाच्या आरंभी रूढ केली.

जन्मल्याबरोबर रक्त न घेण्यालाही कारण आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक प्रत्येकच बाळात वाढलेले असते, तर फिनाइलकीटोन्युरियातला घातक घटक दूध पोटात गेल्यावर साठत जातो. त्यामुळे फार घाई केली तर निष्कर्ष फसवा निघू शकतो.

आमच्या मिडवाइफने मुलीला माझ्या कुशीत दुधाला लावायला सांगितले, टाच कोमट असल्याची खात्री केली आणि टाचेच्या मधोमध न टोचता कडेला लॅन्सेट, म्हणजे टोचायचे बारीक पाते, लावले. थेंब आपोआप मोठा होऊ दिला आणि मग रक्त टिपायच्या कागदी कार्डावरच्या वर्तुळाला एकदाच टेकवला. रक्त कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपले आहे का, हे तिने कार्ड उलटून पाहिले. एका थेंबावर दुसरा थेंब चढवला, वर्तुळ अर्धवट राहिले किंवा कागद दाबला गेला, तर प्रयोगशाळा तो नमुना नाकारते आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. कार्ड आडवे ठेवून, ऊन आणि उष्णता लागू न देता हवेवर सुकवले गेले, आणि मगच ते पाकिटात घालून त्याच दिवशी टपालाने रवाना झाले. सगळे ठीक असेल तर सहा ते आठ आठवड्यांत कळवतात. शंका असेल तर त्याआधीच फोन येतो. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. म्हणून फोन आला की घाबरून न जाता पुढची तपासणी तातडीने करून घ्यावी.

गोवा या बाबतीत मागे नव्हता. २००८ साली राज्य सरकारने नवजात बालकांची ही तपासणी सुरू केली होती, आणि आपल्या राज्याने देशात एवढ्या लवकर हे पाऊल उचलले याचा मला अभिमान आहे. पुढे तो कार्यक्रम थांबला, याचे तितकेच वाईट वाटते. म्हणून प्रसूती बांबोळीला होणार असो, म्हापशाला असो वा खासगी इस्पितळात, नाव नोंदवतानाच विचारावे की ही तपासणी होते का, कोणकोणत्या आजारांसाठी होते आणि नमुना प्रयोगशाळेत किती दिवसांत पोचतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपडेसुद्धा लवकर सुकत नाहीत. कार्ड ओलसर असतानाच पाकिटात गेले तर नमुना वाया जाऊ शकतो, तेव्हा ते नीट सुकू द्यायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

आणखी एक गोष्ट इथे राहून प्रकर्षाने जाणवली. इथे मिडवाइफ घरी येते, कारण बाळंतीण कुठे असणार हे तिला ठाऊक असते. आपल्याकडे अर्जावर सासरचा पत्ता आणि नवऱ्याचा फोन लिहिलेला असतो, बाळबाळंतीण मात्र सत्तरीला किंवा पेडण्याला माहेरी गेलेली असते, आणि दुसरा नमुना हवा म्हणून आलेला निरोप दारातच अडकतो. थायरॉइडच्या बाबतीत असा वाया गेलेला एखादा आठवडाही फार मोलाचा असतो. त्यामुळे कार्ड भरताना सासरच्या पत्त्यासोबत माहेरचा पत्ता आणि आजीचा किंवा मामाचा फोन नंबरही लिहून द्यावा.