मायावतीची वही

मी 1986 च्या दहावीचा. पहिल्या बाकावर बसायचो, पण हुशार म्हणून नव्हे. डावा कान लहानपणीच गेला होता, उजव्यालाही जेमतेमच ऐकू यायचं.

1985 च्या नोव्हेंबरात गावाला हॅलेच्या धूमकेतूचं वेड लागलं होतं. विज्ञानाच्या सरांनी रात्री शाळेच्या गच्चीवर बोलावलं. दुर्बिणीत दिसला कापसाचा बोळा! पोरं हिरमुसली. मग सरांनी ययाती तारकासमूहातला एक तारा दाखवला. "ही मायावती. हिच्यावर पाळत ठेवा." माझ्या उजव्या कानाशी वाकून त्यांनी पुन्हा सांगितलं.

दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मायावतीचा मंद जोडीदार तिच्या आडवा येतो. ती 2.1 प्रतीवरून (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) 3.4 पर्यंत उतरते आणि पुन्हा उजळते. सगळा खेळ साधारण 10 तासांचा. (आकडा वाढला की तेज कमी, हे उलटं गणित पचायला मला आठवडा लागला.) म्हणजे दर तिसऱ्या रात्री हे ग्रहण 3 तास 11 मिनिटं अलीकडे सरकतं. मी वहीत रकाने आखले.

एका ठरल्या रात्री मी लिहिलं : "मायावती पुरती उतरलीच नाही." सरांनी विचारलं, कोणाशी ताडून पाहिलंस? मी शेजारचा लालसर तारा दाखवला. सर खो खो हसले. तोही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, निघाला! "अरे, मापच खोटं घेऊन बसलास की!" खोडू मात्र दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी जॉन गुडरिकची गोष्ट लिहून काढली. इंग्लंडमधल्या यॉर्कचा हा मुलगा पूर्ण बहिरा. 1782 च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, त्यानं मायावतीची पाळत सुरू केली आणि पुढच्या वर्षी ग्रहणाची कल्पना मांडली. एकविसाव्या वर्षी तो गेला. गोष्ट फळ्यावर का लिहिली, ते सर बोलले नाहीत.

पुढे वाचनात आलं, मायावतीच्या घरात तिसराही तारा आहे, 680 दिवसांत फेरी मारणारा. आणि आज हलका असलेला तो मंद जोडीदार एकेकाळी जड होता. अंगचं द्रव्य त्यानं जोडीदारालाच देऊन टाकलं. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

स्मरणिकेसाठी संपादकांनी शाळेतला फोटो मागितला. तो नाही. वहीचं ते पान पाठवतोय. चुकीच्या नोंदीखाली सरांच्या लाल शाईत लिहिलंय : "पुन्हा बघ."