तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूरकराला १९४७ ला बुडालेल्या 'रामदास' बोटीचं काय पडलंय?

'समुद्र बघायला घाट उतरावा लागतो तुला, आणि बोटी शोधतोस व्हय?' ऑफिसात, लग्नात, तांबडा-पांढरा वाढून घेताना, सगळीकडं ऐकून झालंय. एकानं तर रंकाळ्यात होडी बुडाली की कळवतो म्हणून शब्द दिलाय. आणि ते 'भारताची टायटॅनिक' पण बास करा राव, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरनं अलिबागजवळच्या रेवसला जाणारी साधी बोट होती ती.

१७ जुलै १९४७, गटारी, सकाळी सुटली, वाटेत काश्याच्या खडकाजवळ वादळात बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तुम्हाला हे पाठ आहे. मलाही होतं, आणि मी एका दमात सांगायचो: मोठी लाट आली, बोट कलली, लोक घाबरून एका बाजूला धावले, उलटली. गणित बरोबरच आहे, एवढं वजन एका अंगाला गेल्यावर बोट सावरत नाही.

मग शिवाजी पेठेतले एक आजोबा भेटले. नव्वदीला टेकलेले, मूळचे अलिबागकडचे, थोरला भाऊ त्या बोटीत. मी आपलं वहीत बोट काढून, बाण मारून हेच समजावलं, जरा रंगवूनच. सुपारी कातरत होते, अडकित्ता तसाच थांबला.

"म्हणजे दादापण धावला असंल?"

मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तरी तोंडातनं निघालं, नाही हो आजोबा, ओल्या डेकवर बोट कलली की माणूस धावत नाही, घसरतो. हे तिथल्या तिथं जुळवलं का मी? थोडं, हो. सूनबाई चहा ठेवून गेल्या. मग ते म्हणाले, "पोहायला पट्टीचा होता. पण धोतर नेसलेलं ना."

तेव्हापासनं वाचलेल्यांच्या आठवणी मी एवढ्यासाठीच वाचतोय: आधी लाट की आधी माणसं. कारण 'लोक धावले' म्हटलं की खापर मेलेल्यांवर फुटतं, आणि भर पावसाळ्यात बोट सोडणारे सुटतात. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या, म्हणजे या किनाऱ्यावर काय होऊ शकतं ते ठाऊक नव्हतं असं पण नाही. आणि 'रामदास' गेल्याचं मुंबईला कळलं ते दिवस कलताना, पोहून आलेल्यांकडनं.

पण वजन सरकलंच नाही असंही मी म्हणू शकत नाही. आजोबांना म्हणालो, ते बरं वाटावं म्हणून का खरं म्हणून, हे आजही सांगता येत नाही. शोधतोय ते हे. आता हसा.