नाताळ अजून चार दिवसांवर

लोक नाताळ बघायला चोवीस-पंचवीसला मुंबई गाठतात. आम्ही दोघं आधीच्या शनिवार-रविवारी गेलो, आणि आता माझं ठाम मत झालंय की जायचं तर तेव्हाच. पंचवीसला वांद्र्यात ज्यांचा सण आहे ते आपापल्या घरी जेवायला बसलेले असतात, आणि रस्त्यावर उरतात ते आपल्यासारखे फोटोवाले. आधीच्या आठवड्यात मात्र सगळ्यांची लगबग चाललेली असते. कोणी शिडीवर चढून चांदणी टांगतोय, कोणी केकची ऑर्डर उचलायला धावतोय. मला सणापेक्षा सणाची तयारी बघायला जास्त आवडते. दिवाळीचंही माझं तसंच आहे.

नवरा पक्का पुणेकर. "कॅम्पात काय कमी आहे? लायटिंग असतं, केक मिळतो, आणि रात्री आपल्या पलंगावर झोपता येतं." असं म्हणाला खरा, पण तिकिटं त्यानेच काढली. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २० डिसेंबरच्या डेक्कन क्वीनचं उघडलं २१ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. सकाळी आठच्या ठोक्याला हा सोफ्यावर फोन घेऊन तयार. आमच्या घरातली लक्ष्मी यंदा पूजेआधीच रेल्वेकडे गेली.

सव्वासातची गाडी. पुण्यात हुडहुडी भरली होती, कर्जत गेल्यावर स्वेटर निघाला आणि दादरला तो उगाच आणल्यासारखा वाटायला लागला. डायनिंग कारमधलं कटलेट खाल्लं. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना माहितेय.

सीएसएमटीहून चालतच क्रॉफर्ड मार्केट. १८६९ सालची इमारत, दारावर लॉकवुड किपलिंगने कोरलेली शिल्पं, पण डिसेंबरात मान वर करून बघायला कोणाला वेळ असतो! नजर खालीच जाते: प्लास्टिकची झाडं, लाल टोप्या, चंदेरी झिरमिळ्या. मी थांबले ती कागदी चांदण्यांपाशी. घडी घातलेली चांदणी हातात घेतली तर ती जेमतेम वहीइतकी जाड. दुकानदाराने दोन कडा धरून ती झटक्यात उलगडली, पाचही टोकं फुगवली, मागची दोरी बांधली आणि आतल्या बल्बचं बटण दाबलं. कागदाला सुईने पाडावीत तशी बारीक भोकं होती, त्यांतून उजेड बाहेर आला. नवरा म्हणाला, "हा तर आपलाच आकाशकंदील." दुकानदार लगेच, "मग दिवाळीलाही लावा, साहेब. दोन्हीकडे चालतो." असं ऐकल्यावर घासाघीस करायची तरी कशी? घेतली.

नव्या मेट्रोने गिरगाव. सीएसएमटीनंतर मधे काळबादेवी आणि लगेच गिरगाव. माझं बालपण गिरगावातलं, आणि तेव्हा हेच अंतर आम्ही चपला झिजवत कापायचो. जमिनीखालून सरकत्या जिन्यावर वर आले आणि क्षणभर कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे तेच कळेना. नवऱ्याने गुगल मॅप काढल्यावर मला राग आला. गिरगावात मला नकाशा?

खोताच्या वाडीत शाळेतल्या मैत्रिणीचं माहेर आहे. ती कॅनडात असते, आई इथेच. लाकडी गॅलरी, बाहेरून वर जाणारा जिना, कठड्याला चांदणी. शेजारी एक उंच इमारत उभी राहिली आहे, त्यामुळे दुपारी त्यांच्या गॅलरीत पूर्वीइतकं ऊन येत नाही. मी खालून "आंटी" अशी हाक मारली तर वरून उत्तर आलं, "आली का गं? जावयाला घेऊन वर ये, हात धुऊन ये." हात कशाला धुवायचे ते वर गेल्यावर कळलं. टेबलावर कुलकुल या नाताळच्या तळलेल्या गोड फराळाचं पीठ मळून ठेवलेलं होतं.

हे लोक ईस्ट इंडियन. इथल्याच मातीतले, मराठी बोलणारे ख्रिस्ती. मुंबईत नोकरीधंद्यासाठी गोव्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती यायला लागले तेव्हा आपण वेगळे ओळखू यावं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. त्याआधी त्यांना पोर्तुगीज ख्रिश्चन म्हणत. शाळेत असताना आंटीच्या यजमानांनी आम्हा पोरींना हे समजावून सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला होता: मुंबई तर पश्चिमेला, मग हे ईस्ट कसे? नवऱ्यानेही नेमकं तेच विचारलं. आंटी म्हणाल्या, "ते ईस्ट इंडिया कंपनीवाल्यांना विचार."

तर कुलकुल. मैदा, अंडं, नारळाचं दूध, थोडं तूप. पिठाची सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर तुपाचा हात लावून ती अंगठ्याने दाबत पसरवायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. वर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. आंटींकडे काट्याऐवजी एक कंगवा आहे, फक्त याच कामाचा, वर्षभर डब्यात गुंडाळून ठेवलेला. त्यांनी तो विश्वासाने माझ्या हातात दिला. माझे कुलकुल त्यांनी बघितले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तू तळायला बस."

कंगवा गेला नवऱ्याकडे. हा चाकणला कारखान्यात क्वालिटी बघतो. आंटींनी सांगितलं की शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उघडतो. झालं. याने सगळे कुलकुल उलटे करून कड तपासायला सुरुवात केली. फट दिसली की बाजूला. बाजूला काढलेल्या ढिगात बहुतेक माझेच होते. तासाभरात तो आणि आंटी जुने सहकारी असल्यासारखे बोलत होते, आणि मी घाम पुसत झारा फिरवत होते. घरी हा माणूस करंज्यांना हात लावत नाही. हे मी तिथेच, आंटींच्या समोर बोलले. पुढच्या दिवाळीला साक्षीदार असलेला बरा.

निघताना कुलकुलाचा डबा आणि एक केक. केकमधले मनुके, काजू, संत्र्याची साल ऑक्टोबरपासून रममध्ये भिजत होती म्हणे. "पंचवीसच्या आधी कापायचा नाही," अशी तंबी.

संध्याकाळी चर्नी रोडहून स्लो लोकलने वांद्रे. हिल रोडवर माणसाला माणूस घासत होता. एका बेकरीबाहेर रांग फुटपाथ सोडून रस्त्यावर आली होती, आणि रांगेतले लोक अजिबात वैतागलेले नव्हते, हे मला पुण्याच्या मानाने विशेष वाटलं. रानवारच्या गल्ल्यांत जरा शांत. तिथून चढ चढून मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी चर्च. आताचं देऊळ १९०४ सालचं. देऊळ हा शब्द मुद्दाम वापरतेय, आमच्या चाळीत सगळे तसंच म्हणायचे आणि सप्टेंबरच्या जत्रेला न चुकता जायचे. बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात: घर, बाळ, हात, पाय. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, ते वाहायचं. सासूबाईंचा गुडघा गेलं वर्षभर छळतोय म्हणून नवऱ्याने विचारलं, "नुसता गुडघा मिळेल?" विक्रेती म्हणाली, "गुडघा नाय, आख्खा पाय घ्या, त्यातच आला." घेतला आणि वाहिला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, कुठला पाय? डावा दुखतोय. आम्हाला आठवेना. मेणाच्या पायाला डावा-उजवा असतो का, यावर दादरच्या हॉटेलात झोपेपर्यंत चर्चा.

रविवारी सकाळी पुन्हा वांद्रे, सेंट अँड्र्यूज चर्च. १५७५ पासूनचं. नाताळआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळातला चौथा रविवार होता, म्हणून हिरव्या चक्रातली चौथी मेणबत्ती पेटली. तीन जांभळ्या, एक गुलाबी. फादरही जांभळ्या वस्त्रात, पांढरं आता नाताळलाच. आम्ही मागच्या बाकावर, इतर उठले की उठायचं आणि बसले की बसायचं. नंतर गव्हाणी बघितली. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, मारिया, योसेफ सगळे आपापल्या जागी, फक्त मधली जागा रिकामी. शेजारी एक चार-पाच वर्षांची मुलगी आईला जाब विचारत होती, "बेबी कुठंय?" आई म्हणाली, "चोवीसला रात्री येणार." "मग हे सगळे आत्तापासून कशाला बसलेत?" आईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण परक्या पोरीला कोण सांगणार.

परतीची पाच दहाची गाडी. वरच्या फळीवर घडी केलेली चांदणी, मांडीवर केक. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडायला गाडी थांबते. तेवढ्या वेळात नवऱ्याने केकच्या खोक्याची दोरी सोडली. मी आंटींच्या तंबीची आठवण करून दिली. तो म्हणाला, "कापायचा नाही म्हणाल्या होत्या. मी तोडतोय."

लोणावळा येईपर्यंत पाव केक संपला होता. त्यातला निम्मा मी खाल्ला.