मॅडिसन नदीवर ट्राउट मासे धरायला जायचंय? तारखा पाणी बघून ठरवा

अमेरिकेत मुलांकडे येणारी मंडळी हल्ली यलोस्टोनच्या बेतात 'दोन दिवस फ्लाय फिशिंग'ही (गळाला किड्यासारखी नकली माशी बांधून मासे धरणं) घालतात. तिकिटं बहुतेक मेअखेरची, कारण सुट्ट्या तेव्हाच असतात. नेमकं त्याच वेळी डोंगरावरचं बर्फ वितळून ओढे-नाले गढूळ होऊन धावत असतात. म्हणून रॉड कुठला घ्यावा हे नंतर, आधी पाणी बघा.

मॅडिसन नदी यलोस्टोन उद्यानात फायरहोल आणि गिबन यांच्या संगमातून निघते. हेबगेन धरण ओलांडून ती क्वेक लेकमध्ये शिरते. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंपाने डोंगराचा कडा नदीत कोसळला आणि हा तलाव तयार झाला. तिथून एनिस गावापर्यंत पन्नासेक मैल नदी जवळपास अखंड खळाळत जाते. इथले रेनबो आणि ब्राऊन ट्राउट मूळचे इथले नव्हेत. पण उद्यानाबाहेर ही नदी ज्या राज्यातून वाहते त्या माँटानाने १९७४ पासून अशा नद्यांत हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रातले) मासे सोडणं थांबवलं, त्यामुळे आज गळाला लागतो तो नदीतच जन्मलेला, सावध मासा.

जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा सॅमनफ्लायचा. बोटाएवढे हे किडे तीन-चार वर्षं दगडांखाली काढून एकदम बाहेर येतात आणि तो बहर रोज थोडा थोडा वरच्या अंगाला सरकत जातो. दृश्य जबरदस्त असतं, पण गर्दीही तेवढीच आणि बहर नेमका आज कुठे आहे हे हुकलं तर हात हलवत परतायचं. पहिल्यांदा येणाऱ्याने जुलैचा मध्य गाठावा: पाणी निवळलेलं, कॅडिस हे छोटे किडे भरपूर. ऑगस्टमध्ये टोळासारखी नकली माशी चालते, पण एनिसच्या खालची नदी टाळा. एनिस लेक उथळ असल्याने पाणी तापतं आणि मग दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारीवर बंदी येते. बंदी नसली तरी पाणी २० अंश सेल्सिअसला पोचलं की थांबावं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो. खिशात छोटा थर्मामीटर हवाच.

खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं हे आपण पावसाळ्यात बघतोच, तसंच इथे यूएसजीएस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर कर्बी रँच या मोजणी-ठिकाणाचा आकडा रोज बघायचा. उन्हाळ्यात तो साधारण ९०० ते १,२०० क्युसेक असतो. दीड हजारापुढे गेला तर नवख्याने पाण्यात उतरूच नये, काठावरून फेकावं.

परवाने दोन. माँटानाचा परवाना उद्यानात चालत नाही आणि उद्यानाचा बाहेर चालत नाही. उद्यानात गळाच्या टोकाला उलटा काटा (बार्ब) नसावा, वजनं शिशाची नसावीत आणि बुटांना फेल्टचे (नमद्याचे) तळवे नसावेत. क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंत होडीतून मासे धरता येत नाहीत, उतरूनच उभं राहावं लागतं. माँटानात नदीपात्रात भरपाण्याच्या खुणेच्या आत कुणालाही फिरता येतं, मग काठची जमीन खासगी का असेना. मात्र पात्रात शिरायचं ते पुलावरून किंवा सरकारी वाटेनेच. रेनल्ड्स पास आणि थ्री डॉलर ब्रिज या त्यासाठी सोयीच्या जागा.

रॉड नऊ फुटी, पाच वजनाचा (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक), तरंगणारी दोरी. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा पारदर्शक धागा, नऊ फुटी, ४एक्स (एक्सचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक). त्याच्या टोकाला आठ नंबरच्या गळाचा, रबरी पायांचा स्टोनफ्लाय निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाची नक्कल) बांधा. त्या गळाच्या वाकाला दीड फूट ५एक्स टिपेट (आणखी बारीक धागा) बांधून त्याच्या टोकाला सोळा नंबरचा मणीवाला निम्फ लावा. इंडिकेटर (तरंगणारी खूण) निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. निम्फ अधूनमधून तळाला टेकलाच पाहिजे. मुळीच टेकत नसेल तर धाग्याला वजनाचा आणखी एक छर्रा लावा, सारखा अडकत असेल तर एक काढा. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने तापून कमजोर होते.

मासा लागत नाही याचं बहुतेक वेळा एकच कारण, ड्रॅग, म्हणजे दोरीची ओढ. मधला वेगवान प्रवाह दोरीला पोट पाडतो आणि माशी ओढली जाते. खरा किडा असा पळत नाही. म्हणून फेक पडताक्षणी रॉडच्या टोकाने दोरी उचलून वरच्या अंगाला टाका. दुसरी चूक म्हणजे आल्या आल्या गुडघाभर पाण्यात शिरणं. मॅडिसनचे मासे काठापासून दोन-तीन फुटांवर, दगडामागच्या संथ पाण्यात असतात. ते आपल्याच पायाखालून पळतात! आधी काठ, मग पात्र.

तळाचे गोटे शेवाळलेले आणि डोक्याएवढे. खिळेदार बूट, काठी आणि वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखावर) घट्ट पट्टा, यात तडजोड नाही. पट्टा नसेल तर पडल्यावर वेडर्समध्ये पाणी भरतं आणि उठणं अवघड होतं. चालताना तोंड प्रवाहाकडे, पाय आडवे सरकवत, काठी वरच्या अंगाला. पडलात तर उठायची घाई नको: पाठीवर, पाय खालच्या दिशेला.

गाइडसह होडी दिवसाला साधारण ६०० ते ८०० डॉलर, दोघांत मिळून, टिप वेगळी. पहिला दिवस गाइडबरोबर आणि दुसरा स्वतःच्या जिवावर, असा खर्च मला सार्थकी वाटतो. माँटानातल्या बोझमनच्या विमानतळावरून एनिस तासाभराच्या अंतरावर, वेस्ट यलोस्टोन दोन तासांवर. दरीत मोबाइल फारसा लागत नाही, त्यामुळे परवाना आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. अस्वलाला पळवणारा मिरचीचा फवारा पाठपिशवीत नको, पट्ट्याला लावा. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, म्हणून बोझमनला उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या आणि परतीच्या उड्डाणाआधी तिथेच देऊन टाका.