सिरिंजांचा रोबो-हात

सहावीतल्या लेकीला रोबो बनवायचा होता. तयार संच मिळतात, पण बरेचसे संच चित्र बघत स्क्रू पिळत गेलं की उभे राहतात, ‘असं का?’ विचारायची वेळच येत नाही. म्हणून मोटार, सेल काहीही न घेता पाण्यावर चालणारा हात करायचं ठरवलं. औषधांच्या दुकानातून सुयांशिवाय ५, १० आणि २० मिलीच्या सिरिंजा आणल्या, माशांच्या दुकानातून टाकीत हवा सोडायची बारीक नळी. जाड पुठ्ठा आणि बांबूच्या काड्या घरात होत्याच.

सगळ्यात जास्त छळलं ते बुडबुड्यांनी. नळीत एवढीशी हवा राहिली तरी इकडचा दट्ट्या दाबल्यावर तिकडचा आधी ढिम्म राहतो, मग अर्धवट सरकतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाहीच. शेवटी सिरिंजा आणि नळी बादलीत बुडवून पाण्याखालीच भरल्या आणि जोडल्या, तेव्हा दट्टे एकमेकांचं ऐकू लागले.

मग ५ मिलीची सिरिंज तिच्या हातात, २० मिलीची माझ्या, मध्ये नळी. दोघांनी एकदम दाबायचं. माझा अंगठा मागे रेटला गेला! तिला खरंच वाटेना, आम्ही सिरिंजा बदलून पाहिल्या, आता तिचा अंगठा मागे. मग पट्टी काढली. छोटीचा व्यास साधारण सव्वा सेंमी, मोठीचा दोन सेंमी. व्यासाचा वर्ग करून भाग दिला तर क्षेत्रफळ अडीचपट निघालं, म्हणून जोरही तेवढाच पट. पण छोटीचा दट्ट्या ४ सेंमी दाबला की मोठीचा दीड सेंमीच सरकतो. जोर मिळाला, अंतर गेलं. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तिच्या वहीत नंतर आला, अंगठ्याला आधीच कळला होता.

पुठ्ठ्याचा हात मात्र वजन लावलं की तिरका व्हायचा. इथे अरविंद गुप्तांची जुनी युक्ती कामी आली. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंतून अशीच खेळणी केली. लेकीने काड्यांच्या चौकोनात तिरकी काडी बसवून पाहिली आणि लगेच पुठ्ठ्यालाही तिरपा आधार चिकटवला. हात ताठ झाला.

हात उचलणारी सिरिंज सांध्यापासून किती अंतरावर बांधायची, यात एक अख्खी दुपार गेली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. ३ सेंमीवर बांधली तर हात झपकन वर जातो पण खोडरबरही पेलत नाही, ६ सेंमीवर बांधली तर साबणाची वडी उचलतो पण फार वर जात नाही. मी काही सुचवलं नाही. तिनेच तक्ता केला आणि ५ सेंमीवर ठरवलं.

कोपऱ्यावर जेसीबी खोदत होता, तेव्हा तिने विचारलं, “बाबा, त्यातपण पाणीच असतं का?” त्यात तेल असतं: गंज धरत नाही, दट्ट्यांना वंगणही मिळतं.

आता तिला सिरिंजांच्या जागी छोट्या सर्वो मोटारी (हव्या त्या कोनात फिरून थांबणाऱ्या) बसवायच्या आहेत. हात तोच ठेवणार आहोत, तक्ता मात्र नव्याने करावा लागेल.