लेक सिटी ७.६२: गेजमध्ये न बसणाऱ्या पुंगळ्यांचं कारण सापडलं

मंडळी, छडा लागला! मी उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या (ब्रास) पुन्हा भरून वापरतो, म्हणजे रीलोडिंग. मागे लिहिलं होतं की ७.६२ मिमी रायफल काडतुसाच्या नव्या लॉटमधल्या बऱ्याच पुंगळ्या फुल-लेंग्थ साइझ करूनही, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापात आणूनही, केस गेजमध्ये (माप तपासायच्या नळीत) पूर्ण बसत नाहीत, बूड नखभर वर राहतं. काल रात्री कारण सापडलं, आणि ते डायमध्ये नव्हतंच. गेले काही आठवडे ज्या डायला मी शिव्या घालत होतो, ती बिचारी आपलं काम चोख करत होती.

लॉट तोच, लेक सिटी या अमेरिकी लष्करी काडतूस कारखान्याचा, माझ्या एम१ए रायफलीसाठी वजनावर घेतलेला. वजनावरच्या खरेदीबद्दल काही जणांनी विचारलं होतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. ७.६२ ची मिलिटरी पुंगळी साधारण १८० ग्रेन भरते आणि पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे पाउंडाला ३८-३९ पुंगळ्या पडायला हव्यात. तेवढ्या कधीच पडत नाहीत. उडालेले प्रायमर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या), रेंजवरची माती, मधूनच घुसलेल्या लहान .२२३ च्या पुंगळ्या, सगळं त्याच भावात येतं. मोजून देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी मला परवडतो. जाहिरातीत ‘वन्स-फायर्ड’ लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. एकदाच उडवलेली, पण कशातून, हे कुणी लिहीत नाही. सैन्याच्या रेंजवरचं ७.६२ बरंचसं एम२४० सारख्या मशीनगनमधून उडालेलं असतं. तापलेल्या, काजळलेल्या बंदुकीतही काडतूस अडकू नये म्हणून तिचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ऐसपैस ठेवतात. पुंगळी उडताना त्या चेंबरएवढी फुगते आणि पुढची सगळी डोकेदुखी आपल्या बेंचवर येते.

आता मूळ दुखणं. साइझ केलं, ट्रिम केलं, लांबी २.०१५ इंचाच्या आत. कंपॅरेटर या मापकावर खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) मोजला तर गेजमध्ये बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या पुंगळ्यांत एका थाऊचाही (इंचाच्या हजाराव्या भागाचाही) फरक नाही. म्हणजे खांदा निर्दोष. मग संशय आला पोटावर. साधी डाय शेल-होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकते तिथे थांबते, त्यामुळे बुडाजवळचा शेवटचा भाग तिच्या तावडीत येत नाही, आणि मशीनगनची पुंगळी नेमकी तिथेच फुगलेली असते. म्हणून आरसीबीएस कंपनीची, बुडाजवळ जास्त दाबणारी स्मॉल-बेस डाय मागवली. डाय उत्तम आहे, फक्त लॅनोलिन आणि अल्कोहोलचा घरगुती ल्यूब (वंगण) तिला पुरत नाही. मिलिटरी पितळ जाड, त्यात ही डाय घट्ट. इंपीरियलचं मेण बोटाने बुडाशी चोळल्यावर प्रेसचा दांडा सुरळीत चालायला लागला. काही पुंगळ्या खरंच सुधारल्या, गेजमध्ये टुपकन पडल्या. उरलेल्या ढिम्म.

इथे डोकं खरंच फिरलं. कारण त्या अडलेल्यांपैकी एक रिकामी पुंगळी, प्रायमर नाही, पावडर नाही, रायफलीच्या चेंबरमध्ये सोडली तर अलगद आत गेली. गेज म्हणतं नाही, चेंबर म्हणतं हो. गेज खराब म्हणावं तर फॅक्टरी काडतुसं त्यात बिनतक्रार बसतात.

शेवटी जुना वर्कशॉपचा उपाय केला. पुंगळीला बुडापासून मानेपर्यंत काळा मार्कर फासला, गेजमध्ये दाबून गोल फिरवली आणि टॉर्चखाली धरली. पोटावरची शाई जशीच्या तशी, खांद्यावरचीही. रिमच्या (बुडाच्या कडेच्या) काठावर मात्र एकाच ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा पितळी चट्टा चकाकत होता. भिंग लावल्यावर दिसलं की एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाने तिथे रिम ओरबाडून धातू बाहेर उचललाय. बर आलीय! मशीनगनमध्ये पुंगळी हिसका मारूनच बाहेर काढली जाते, तिथेच हे झालं. रिमचा व्यास ०.४७३ इंच असायला हवा. त्या जागी कॅलिपर लावला तर जास्त भरला. गेजचं तोंड रिमपुरतंच असतं, म्हणून पुंगळी तिथे अडते. चेंबरमध्ये रिम जातच नाही, ती बोल्टच्या तोंडाशी राहते, म्हणून तिथे काही जाणवलं नाही. काही पुंगळ्या शेल-होल्डरमध्ये सरकवताना अडखळायच्या, त्याचंही उत्तर हेच.

खात्री करायची सोपी रीत: पुंगळी उलटी करून बुडाकडून गेजमध्ये घाला. रिम शिरली नाही तर दोष रिमचा. बारीक कानशीचे दोन हलके हात त्या बरेवर मारले, पुन्हा सुलटी टाकली आणि ‘टक्’. तो आवाज ऐकायला मी किती वाट पाहिली होती! मग जेवण बाजूला ठेवून अख्खा डबा उपसत बसलो. नापास ठरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पुंगळ्या नुसत्या कानशीवर पास झाल्या. फक्त बर तेवढीच काढा, रिम खाऊ नका. एक्स्ट्रॅक्टरला पुढच्या वेळी तिथेच धरायचं आहे.

लिहिता लिहिता लक्षात येतंय की ही उलटी तपासणी साइझिंगच्या आधी, धुऊन झाल्या झाल्या करायला हवी. बर असलेली रिम शेल-होल्डरमध्ये ठोकून बसवण्यात काहीच हशील नाही. तेव्हा आजपासून क्रम बदलला: धुणं, रिम, तार, मग ल्यूब आणि डाय.

तारेचं सांगतो, कारण या ब्रासमध्ये ती टाळून चालणार नाही. स्टीलच्या तारेचं टोक घासून धारदार करून काटकोनात वाकवलंय. ती आत घालून बुडापासून वर ओढत आणायची. भिंत गुळगुळीत असेल तर टोक सरळ वर येतं. वेबच्या (बुडाच्या भरीव भागाच्या) थोडं वर टोक कुठे अडलं, नख एखाद्या चरीत अडकावं तसं, तर तिथे भिंत ताणून पातळ झालीय. मशीनगनच्या लांब हेडस्पेसमध्ये (चेंबरमधल्या लांबीच्या जागेत) पितळ ताणलं जातं, आपण खांदा मागे ढकलतो, पुढच्या वेळी ते पुन्हा तिथेच ताणलं जातं, आणि एक दिवस बूड वेगळं होतं. बाहेरून चकचकीत कडं दिसेपर्यंत थांबू नका. अशी पुंगळी मी पक्कडीने तिथल्या तिथे चेपतो, म्हणजे चुकूनही परत डब्यात जात नाही. पहिल्या वेळी खांदा माझ्या रायफलीच्या मापात आणावाच लागतो (७.६२ च्या नागरी जुळ्या .३०८ चा गो गेज, म्हणजे चेंबरचं किमान माप, १.६३० इंच), पण त्यानंतर माझ्याच रायफलीतून उडालेल्या मापापेक्षा तीन-चार थाऊच मागे घेणार. आणि मिलिटरी पुंगळी जड म्हणजे आतली जागा कमी. कमर्शिअल ब्रासचा लोड (पावडरचं माप) तिच्यात तसाच भरू नका, खालून पुन्हा चढवत या.

क्रिंपचं, म्हणजे प्रायमर धरून ठेवायला लष्करी पुंगळीत दाबलेली कड हटवायचं, काम मजेत झालं. ती कड दाबून बाजूला सारणारा डिलनचा सुपर स्वेज बेंचवर ठोकून ठेवलाय, एकदा नीट लावला की प्रायमर पॉकेटच्या तोंडाशी छान गोलाई येते. रीमरने खरवडण्यापेक्षा हजारपट बरा.

धुण्याबद्दल एकाने विचारलं होतं, ब्रासो किंवा पितांबरी चालेल का? ब्रासो नको, त्यात अमोनिया असतो. ताण असलेल्या पितळेला अमोनिया चिरा पाडतो आणि हा धडा आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश सैन्य भारतात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवायचं आणि नंतर ती तडकलेली सापडायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. पितांबरीने देवघरातली समई घासा. पुंगळ्यांना स्टीलच्या पिना, भांड्यांचं साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरे. ॲसिड जास्त झालं की पितळ गुलाबी पडतं, जस्त निघून जातं, म्हणून चिमूटभरच. ओलं धुतल्याने शिशाची धूळही उडत नाही. पाणी ओतताना हातमोजे घाला.

रेंजवरच्या बादलीत एक .३०३ ची पुंगळी मिळाली. बुडावर के आणि एफ, मधे बाण. खडकीची! १८६९ पासून चालू असलेल्या आपल्या पुण्याच्या कारखान्यातली. आत टॉर्च मारला तर दोन बारीक भोकं, म्हणजे बर्डन पद्धतीच्या प्रायमरची, रीलोडिंगला निरुपयोगी. पण ती आता बेंचवरच्या फळीवर उभी आहे आणि तिथून हलणार नाही.

पुढचं. अशाच ब्रासचा दुसरा लॉट घ्यायचं ठरवलं होतं, ते तूर्त थांबवतो. सरकारी ब्रासची विक्री बंद होणार अशी आवई परत उठलीय, पण तेवढ्यासाठी घाईने पोती भरू नका. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उडवलेल्या पुंगळ्या चेपूनच विकायचं खरंच ठरवलं होतं, मोंटानाचे टेस्टर आणि बॉकस हे सिनेटर मधे पडले आणि तो निर्णय लगोलग मागे घेतला गेला. त्यापेक्षा मला रोल-साइझिंगचा विचार खुणावतोय. त्या यंत्रात पुंगळी दोन पाट्यांमध्ये लाटली जाते, त्यामुळे पोट आणि रिम दोन्ही एका फटक्यात सरळ व्हायला हवीत. लोक ते मुख्यतः पिस्तुलाच्या ब्रासला वापरतात. .३०८ च्या पाट्या लावून कुणी चालवलं असेल तर रिमवरची बर खरोखर दबते का, एवढं कळवा. दबत असेल तर दुसरा लॉट रोल केलेलाच मागवतो, नाहीतर कानस आहेच.