काँक्रीट नसलेल्या इमारतीचं ऑडिट

स्ट्रक्चरल ऑडिटच्या ठरावीक नमुन्यात ‘काँक्रीटची ग्रेड’ असा एक रकाना असतो. मुंबईच्या फोर्टमधल्या ज्या इमारतीबद्दल लिहितेय ती दगड, चुना, साग आणि बीड म्हणजे ओतीव लोखंड यांची आहे. मूळ बांधकामात काँक्रीट औषधालाही नाही. तरी मालकाने नेमलेल्या सल्लागाराने त्या रकान्यात ‘एम-15’ भरलं होतं. शिवाय काँक्रीटचा टणकपणा मोजणाऱ्या रीबाउंड हॅमरचे आकडे, मजलावार, दशांशचिन्हासकट. ‘स्लॅबला तडे’, ‘कॉलमच्या सळया गंजलेल्या’ अशी वाक्यं. कुठल्या तरी उपनगरातल्या सोसायटीचा अहवाल उचलून वरचं नाव बदललं होतं, हे दोन पानांत कळत होतं. निष्कर्ष सी-1, म्हणजे अतिधोकादायक: रिकामी करा आणि पाडा.

भाडेकरूंनी मला बोलावलं ते दुसऱ्या अहवालासाठी. दोन अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे टॅककडे जातं. नोटीस लागली होती धोकादायक इमारतींच्या 354 कलमाखाली. तो महापालिका कायदा 1888 चा. इमारत बहुधा त्याहून जुनी. नकाशे कुणाकडेच नाहीत. अमेरिकेतल्या यादवीत तिथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. मोकळ्या झालेल्या जागेत आणि कोटाच्या आतही पेढ्यांच्या इमारती उठल्या. 1865 साली शेअरबाजार कोसळला, तरी बांधकामं पुढे चालूच राहिली. ही त्या लाटेतलीच असावी. जिन्याच्या बिडाच्या कठड्यावर ग्लासगोच्या ओतशाळेचा शिक्का आहे. पण त्यावर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की नखाने खरवडल्याशिवाय दिसत नाही.

बोरीबंदरचं 1888 चं स्टेशन आणि त्यासमोरची 1893 ची पालिका, दोन्ही वास्तुविशारद स्टीव्हन्सची. त्यांच्यावर रात्री दिवे सोडतात, लोक सेल्फी काढतात. 2018 साली ओव्हलभोवतीचा परिसर युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. मागच्या गल्ल्यांतल्या अशा इमारतींकडे मात्र नोटीस आल्याशिवाय कुणी मान वर करून बघत नाही. दर्शनी भिंतीला मालाडचा पिवळसर दगड, कमानींच्या टोकांना पोरबंदरच्या मऊ दगडातली पानं कोरलेली. त्या पानांवरून कुणीतरी सिमेंट पेंट फिरवलाय.

बाहेरच्यांना वाटतं, ऑडिट म्हणजे मशिनं लावायची. निम्म्याहून जास्त वेळ जातो कपाटं सरकवायला सांगण्यात आणि किल्ल्या शोधण्यात. लिफ्ट जाळीची, बंद. लिफ्टमन काका तरी रोज येतात आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसतात. “मॅडम, तिसऱ्याची चावी शेठकडे, माळ्याची माझ्याकडे, आणि मागच्या संडासाची कोणाकडे नाय,” असा सगळा नकाशा त्यांनी एका वाक्यात दिला. पुढे दिवसभर हे वाक्य मला पुरलं.

दुसऱ्या मजल्यावर वकिलांचं ऑफिस. फॉल्स सीलिंगच्या चार चौकटी काढल्या, मिस्त्रींनी घोडा लावला आणि मी टॉर्च घेऊन वर डोकं घातलं. हे काम मी कुणाला देत नाही. नऊ बाय चौदा इंचांच्या सागवानी तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चुन्याचा कोबा. तुळईवर करवतीच्या खुणा अजून स्पष्ट. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर टणक, कोरडा आवाज. टोच्या मारला तर दोन मिलिमीटरही आत जाईना. मग रेझिस्टोग्राफ लावला. यात सुईइतकं बारीक ड्रिल लाकडात शिरतं आणि लाकूड किती प्रतिकार करतं याचा आलेख उमटतो. पोकळी असली की रेघ धपकन खाली येते. इथे रेघ सपाट उंचावर चालत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओलावा 13 टक्के. ज्युनियरने विचारलं, “मॅडम, दीडशे वर्षांचं लाकूड आहे ना हे?” मी म्हटलं, “आता मिळणार नाही असलं, बघून घे नीट.” त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. टोच्या मारून बघायचं मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. ते सांगावं लागलं.

एकामागून एक तुळया अशाच निघाल्या. सी-1 ची नोटीस दाराबाहेर चिकटवलेली आणि आत हे लाकूड. खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मी खूश होते. समितीपुढे तो एम-15 कुठल्या मजल्यावरून काढला, हे विचारायची वाक्यंही मनात तयार झाली होती.

मग मागचा कोपरा आला. इथे वकिलांची रेकॉर्ड रूम. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकभर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. ऑफिसच्या मजल्यासाठी आपण चौरस मीटरला 250 ते 400 किलो वजन धरतो. माणसाच्या उंचीपेक्षा वर रचलेल्या कागदांच्या रॅकखाली ते सहज टनापलीकडे जातं. कागदाचं वजन कुणी मोजत नाही. या सगळ्याच्या मधोमध हेडक्लार्क बाईंचं टेबल. त्या म्हणाल्या, “वरून कधी कधी माती पडते हो टेबलावर. आम्हाला वाटायचं उंदीर असतील.”

ती लाकडाची भुकटी होती.

वरची चौकट काढली. मूळ बांधणाऱ्यांनी तुळईचं टोक भिंतीतल्या खोबणीत दगडी बैठकीवर ठेवलेलं असतं. भिंत चुन्याची, त्यामुळे पावसाळ्यात ओल आली तरी पुढे सुकते. लाकडाला त्रास होत नाही. इथे बाहेरून भिंतीला सिमेंटचा गिलावा मारलेला. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. आणि पाणी नुसतं पावसाचं नव्हतं. टोच्या मारला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा पात्यावर चहाच्या चोथ्यासारखा ओला लगदा. ओलावा मोजायचं यंत्र त्याच्या मर्यादेला जाऊन थांबलं. 20 टक्क्यांपलीकडे ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि इथे ती वर्षानुवर्षं टिकलेली होती. रेझिस्टोग्राफची रेघ भिंतीपासून हातभर अंतरापर्यंत जवळजवळ शून्यावर.

वर काय आहे ते पाहायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. ज्याची किल्ली कुणाकडे नव्हती, तोच संडास. मिस्त्रींनी कडी उचकटली. चुन्याचा कोबा फोडून सहा इंचांचं काँक्रीट ओतलेलं, त्यावर चकचकीत टाइल्स, खाली ठिबकणारा ट्रॅप. इमारतीतलं एकमेव काँक्रीट. त्याचं वजन त्याच तुळईवर आणि त्याचं पाणी त्याच खोबणीत. शेजारून एसीच्या पाण्याची नळी भिंतीतच सोडलेली. ही जागा शिपिंगवाल्या शेठची, म्हणजे ज्यांनी सगळ्या भाडेकरूंना एकत्र आणलं आणि माझी फी गोळा केली, त्यांचीच.

शेठ माणूस वाईट नाही. त्यांनी चहा मागवला, फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाले, “मॅडम, एवढं एक किरकोळ दुरुस्तीत टाका ना. सी-2-बी करा, आम्ही पुढच्याच आठवड्यात काम सुरू करतो.” बाहेरच्यांसाठी सांगते: सी-2-बी म्हणजे जागा न सोडता दुरुस्ती. सी-2-ए म्हणजे तेवढा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. मी सी-2-ए म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. “पागडीची जागा आहे ही. एकदा कुलूप लावून बाहेर पडलो की परत कोण आत घेतो?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. मुंबईत ‘तात्पुरतं’ बाहेर गेलेले लोक संक्रमण शिबिरात म्हातारे झालेले मी पाहिलेत. मालकाला नेमकं हेच हवं असतं, आणि माझ्या अहवालातलं ते एक पान त्याच्या वकिलाच्या हातात उद्या कसं फिरेल, हे मला दिसत होतं. पण तुळईच्या खाली बाईंचं टेबल आहे. वजन एका दिवसात वाढणार नाही, टोक एका पावसात आणखी कुजेल.

अहवालात मी सगळी इमारत दुरुस्तीयोग्य लिहिली, मागचा एक गाळा सी-2-ए. तुळईचं कुजलेलं टोक कापून नवं सागवान सांधायचं, दोन्ही बाजूंनी स्टीलच्या पट्ट्या, बाहेरचा सिमेंट गिलावा काढून चुना, आणि संडास तिथून कायमचा हद्दपार. पट्ट्यांऐवजी सगळीकडे आय-बीम टाकून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे माझ्या धंद्यात पुष्कळ आहेत. त्यांना लाकडाची भीती वाटते, कारण ते कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मलाही नाही शिकवलं. मिस्त्रींनी शिकवलं.

त्याच संध्याकाळी तुळईखाली टेकू लावून घेतले. काका टॉर्च धरून उभे होते. शेठ माझ्याशी आता बोलत नाहीत. फीचा दुसरा हप्ता राहिलाय, तो मागायचा की नाही हे ठरवलेलं नाही. टॅकची तारीख लागली आहे. हेडक्लार्क बाई पुढच्या खोलीत बसायला गेल्या, पण रॅक तिथेच आहेत, कारण ते कुणी हलवायचे यावर वाद सुरू आहे. शेठ म्हणतात वजन वकिलांचं, वकील म्हणतात पाणी शेठचं. दोघांचंही बरोबर आहे, आणि टेकूंचं भाडं कोण भरणार, हे अजून ठरायचंय.